वेइचीतला मौनी उस्ताद

छुचौमध्ये जन्माला येऊन ज्याला वेइची खेळता येत नाही, त्याने चारचौघांत तोंड दाखवू नये, असा काही कायदा नाही. पण कायद्याची गरजच पडत नाही. आमच्या गावाबाहेरच्या डोंगरावर म्हणे एका लाकूडतोड्याने दोन सिद्धपुरुषांना वेइची खेळताना पाहिलं आणि डाव संपला तेव्हा त्याच्या कुऱ्हाडीचा दांडा कुजून पडला होता. ही गोष्ट इथे प्रत्येक पोराला आईच्या दुधाबरोबर पाजतात. ती ऐकून बाकीची पोरं पटाकडे धावली. मी मात्र कुऱ्हाडीच्या दांड्याचाच विचार करत बसलो, आणि त्यातच माझं बालपण संपलं.

मी झान शौमिंग. वय छप्पन्न. नगरपालिकेच्या उद्यान विभागात रस्त्यावरच्या झाडांचा उपप्रमुख. प्रमुखाचं पद अकरा वर्षं रिकामं आहे, तरी मी उपच आहे, यावरून माझी योग्यता कळावी. आमच्या वसाहतीत नदीच्या बाजूला एक मंडप आहे. तिथे रोज संध्याकाळी वेइचीचे पट मांडले जातात. एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा, एकाचे काळे दगड, दुसऱ्याचे पांढरे, आणि एकमेकांना वेढायचं. एवढं मलाही ठाऊक होतं. त्यापुढचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

तरीही अठरा वर्षं मी त्या मंडपात रोज उभा राहिलो. आमच्याकडे एक म्हण आहे: डाव बघताना जो बोलत नाही तोच खरा सज्जन. या म्हणीने माझ्यासारख्या किती अडाण्यांची अब्रू राखली असेल, देव जाणे. बाकीच्यांना ती पाळणं फार जड जाई. खालच्या मजल्यावरचा क्वांगदादा, निवृत्त बसचालक, तो तर दर दोन मिनिटांनी "अरे, तिकडे कशाला मेला!" असं ओरडून शिव्या खाई. मला मात्र ही म्हण पाळायला काडीचे कष्ट पडले नाहीत. मी हात मागे बांधून उभा राही, भुवया जरा आकसून घेई, आणि अगदीच कोणी माझ्याकडे पाहिलं तर म्हणे, "हं."

या "हं"वर माझी कीर्ती उभी राहिली. एकदा भर डावात मला शिंक आली. ती दाबण्यासाठी मी जोरात श्वास ओढून घेतला. खेळणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं, उचललेला दगड परत वाटीत टाकला, पाच मिनिटं डोकं धरून बसला, भलतीकडेच खेळला आणि जिंकला. दुसऱ्या दिवशी क्वांगदादा सगळ्या वसाहतीला सांगत सुटला, "झानसाहेबांनी नुसता श्वास घेतला हो! एक शब्द नाही! याला म्हणतात जाणकार." तेव्हाच मी खरं सांगायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला कशातला तरी जाणकार म्हटलं होतं.

मंडपातले खरे उस्ताद म्हणजे श्यू गुरुजी. वय चौऱ्याहत्तर, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, अर्ध्या वसाहतीचे कान त्यांनी पिळलेले. त्यांच्या तोडीचा एकच खेळाडू होता, आणि तो नातवाला सांभाळायला लेकाकडे श्यामेनला निघून गेला. गुरुजी चार दिवस पटासमोर एकटेच बसले. पाचव्या दिवशी त्यांनी मान वर न करता म्हटलं, "झान, ये. बस समोर."

मी म्हणालो, "गुरुजी, मला काहीच येत नाही हो." हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक वाक्य असेल. पण प्रामाणिक वाक्य कुठे बोलावं हे माणसाला कळलं पाहिजे. आमच्याकडे ज्याला काहीच येत नाही तो म्हणतो, बरं येतं. ज्याला बरं येतं तो म्हणतो, थोडंसं येतं. आणि "काहीच येत नाही" असं म्हणायला माणूस फार पोचलेला लागतो. मंडपातली सगळी माणसं एकमेकांकडे पाहून माना डोलवायला लागली.

"ऐकलंत?" क्वांगदादा म्हणाला. "अठरा वर्षं उगाच गप्प नव्हते!"

गुरुजींनी पांढऱ्या दगडांची वाटी माझ्याकडे सरकवली. पांढरे दगड वरचढ खेळाडूला देतात. मी उजवं मनगट धरलं आणि कण्हत म्हणालो, "हात मुरगळलाय, गुरुजी. झाड छाटताना. वैद्यांनी आठ आठवडे दगड उचलायला बंदी केलीय." नगरपालिकेच्या उपप्रमुखाने आयुष्यात करवतीला हात लावलेला नसतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आठ आठवडे?" गुरुजी म्हणाले. "थांबतो मी. दुसऱ्या कोणाशी बसणार नाही."

आता हा हात खरंच मुरगळला असता तर बरं झालं असतं, कारण धडधाकट हात बरा करायचा म्हणजे काय, ते मी भोगलं. त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काळा औषधी लेप आणून चिकटवला. तो रात्रभर भाजत होता. सकाळी क्वांगदादा सापाची दारू घेऊन आला आणि म्हणाला, "लेप काढा हो तो, लेपाने हाडं मऊ होतात." त्याने अर्धा तास असं चोळलं की मनगट खरंच सुजलं. सूज पाहून सगळ्यांना समाधान वाटलं. कचेरीत मला डाव्या हाताने सही करावी लागली. ती जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून माझा रजेचा अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा वरून विचारणा झाली की हा अर्ज करणारा मी तोच आहे याचा दाखला जोडावा, आणि त्या दाखल्यावर अर्जदाराची सही हवी.

रजा मला शिकण्यासाठी हवी होती. आठ आठवड्यांत वेइची शिकायचं आणि गुरुजींसमोर निदान माणसासारखं हरायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. चांगला हरलो असतो तर अब्रू वाचली असती. बायकोला, युफेनला, मी सगळं सांगितलं. ती बदकाची मुंडकी तिखटात परतत होती. ती मागे वळलीसुद्धा नाही.

"अठरा वर्षं रोज तिथे जाऊन उभे राहायचात," ती म्हणाली, "आणि खेळता येत नाही? मग करत काय होतात?"

"बघत होतो."

"काय?"

मी बशा मांडायला घेतल्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बसेस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी, मुलांचा वेइची वर्ग होता. शिकवणाऱ्या फू मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी संगणकावर माझा अर्ज भरायला घेतला आणि थबकल्या.

"काका, जन्मसालाची यादी दोन हजार बारापासून सुरू होते. त्याच्या आधी जाताच येत नाही."

"मग काय करायचं?"

"दोन हजार सोळा टाकते. तुमचा वर्ग त्याच मुलांचा आहे." अशा रीतीने मी कागदोपत्री शाळकरी पोर झालो. पुढचा रकाना पालकाच्या सहीचा होता आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. मी म्हणालो, मीच माझा पालक. संगणक नाही म्हणाला. शेवटी घरी जाऊन एक्याऐंशी वर्षांच्या आईची सही आणली. आईने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "सहल नाही ना कुठे?"

सही केली म्हणून फोनवरच्या पालकांच्या गटात आईचं नाव गेलं. तिथून माझ्या हालअपेष्टांना खरी सुरुवात झाली. रोज पाच कोडी सोडवायची आणि त्यांचा फोटो गटावर टाकायचा, असा गृहपाठ असे. मी एखाद दिवशी चुकलो की फू मॅडम गटावर लिहीत, "झान शौमिंग याने आजचा गृहपाठ दिलेला नाही. पालकांनी लक्ष द्यावे." आई ते मोठ्याने वाचे आणि माझ्या जेवणाच्या बशीवर झाकण ठेवी. "आधी कोडी," ती म्हणे. "छप्पन्न वर्षं मी काय सांगतेय? सगळं शेवटच्या घटकेला!" बाकीच्या आया गटावर तिला धीर देत. एकीने लिहिलं, काही मुलं उशिरा उमलतात, मावशी.

वर्गातल्या खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या. माझ्यासमोर बहुतेक वेळा दोउदोउ नावाची मुलगी बसे, वय सात, पुढचे दोन दात पडलेले. वेइचीत दगडाच्या भोवतीची मोकळी जागा म्हणजे त्याचा श्वास. श्वास चारी बाजूंनी कोंडला की दगड मेला. मी हे तत्त्व फार लवकर शिकलो, पण वापरायचो ते माझ्याच दगडांवर.

"काका, तुम्ही परत स्वतःचाच श्वास कोंडलात," दोउदोउ म्हणे.

"मुद्दाम केलं."

"मुद्दाम कोण मरतं?" असं म्हणून ती माझे दगड मूठमूठ उचलून डब्याच्या झाकणात टाकी. आठ आठवड्यांत मी तिच्याकडून एक्केचाळीस वेळा हरलो. शेवटी परीक्षा झाली. दुसऱ्या प्रयत्नात मला पंचविसावी श्रेणी मिळाली. तिच्याखाली श्रेणीच नाही. प्रमाणपत्रावर एक हसरं अस्वल होतं.

आठ आठवडे संपले. गुरुजींचा निरोप आला. मी एकच अट घातली: बघायला कोणी नको. बंद दाराआड खेळू. माझा हेतू साधा होता, की फजिती व्हायची तर एकाच माणसासमोर व्हावी. पण ही अट ऐकून वसाहतीत माझा भाव आणखी वधारला. क्वांगदादाने सांगितलं म्हणे, की जुने उस्ताद असेच खेळायचे, नाहीतर विद्या फुटते.

वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर चाळीसएक माणसं. दाराला मध्ये फट होती आणि त्या फटीला कोणाचा तरी डोळा येऊन लागेल या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. मी पांढरे दगड टाकत गेलो. कुठे टाकले ते मला विचारू नका. गुरुजी एकेका खेळीला दहा-दहा मिनिटं घेत होते. पटावरून बोटं फिरवत, रेघा चाचपत. मी मनात म्हटलं, किती मोठा माणूस! माझ्या मूर्ख खेळीलासुद्धा केवढा मान देतोय. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच दगडावर दगड ठेवला. तो घसरून खाली पडला. मी चटकन दाराकडे पाहिलं, मग चहाचा घोट घेतला आणि काही बोललो नाही.

तासाभराने गुरुजींनी दोन काळे दगड उचलून पटाच्या कडेवर ठेवले. म्हणजे हार मान्य. मला वाटलं मला नीट दिसत नाहीये. त्यांनी दोन्ही हातांनी सगळे दगड गोळा केले, दार उघडलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "मी हरलो. झान चांगला खेळला."

जगात मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच. मला क्षणात उमगलं की गुरुजींनी दहा खेळींतच मला ओळखलं आणि केवळ माझी अब्रू राखायला डाव सोडून दिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या उस्तादाने माझ्यासारख्या अस्वलाच्या प्रमाणपत्रवाल्याला जिंकू दिलं! आणि मी काय केलं? टाळ्या वाजत होत्या, मी मान लववली आणि म्हणालो, "हं."

एवढ्यावर संपलं असतं तर मी लाज गिळून जगलो असतो. पण तिसऱ्या दिवशी रहिवासी समितीच्या प्रमुख निंगबाई घरी आल्या. नदीपलीकडच्या वसाहतीशी दरवर्षी सामना होतो. तीन वर्षं आम्ही हरत होतो. पहिल्या पटावर दरवर्षी गुरुजी बसायचे.

"या वर्षी पहिल्या पटावर तुम्ही," निंगबाई म्हणाल्या. "यादी वर पाठवली. श्यू गुरुजींचं नाव खोडलं."

"का?"

"तीनच जागा आहेत. दुसऱ्या दोघांची नावं आधीच छापलीत. आणि गुरुजींनी हरकत घेतली नाही. म्हणाले, झान बसला तर बरंच आहे."

मी अक्षरशः हात जोडले. "बाई, मला खेळता येत नाही. खरंच येत नाही. ते हरले नाहीत, त्यांनी मला जिंकू दिलं."

निंगबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच," त्या म्हणाल्या, "हेच आजच्या पिढीत राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी प्रमाणपत्र आणि वर्गाचा अर्ज घेऊन निंगबाईंच्या कचेरीत गेलो. पंचविसावी श्रेणी, जन्मसाल दोन हजार सोळा, पालकाची सही, सगळं त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हा पुरावा. त्यांनी ते बारकाईने वाचलं आणि संध्याकाळी वसाहतीच्या फलकावर लावलं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: "एवढे मोठे उस्ताद, पण शिकण्यासाठी मुलांमध्ये जाऊन बसतात. आपण काय शिकणार?" लोक थांबून थांबून वाचत होते. एका आजोबांनी नातवाला अस्वल दाखवलं आणि माझ्या पाया पडायला लावलं.

मंडपात गुरुजी आले नव्हते. दोन दिवस आले नाहीत. सगळे म्हणायचे, मनाला लावून घेतलं असेल, पण कोणाला माझा राग आला नाही. मला मात्र घास जाईना. त्यांनी माझी लाज झाकली आणि त्या बदल्यात मी त्यांची जागा खाल्ली. माझ्यासारखा हलकट मीच. आणि हे जितकं ओरडून सांगावं, तितका मी थोर होत चाललो होतो.

शेवटी मार्ग युफेननेच दाखवला. "मोठी माणसं तुमची लाज राखतात," ती म्हणाली. "ज्याला लाज राखता येतच नाही असं कोणीतरी बघा."

सामन्याच्या आधीच्या रविवारी मंडपात सगळी वसाहत जमली होती. निंगबाईंनी लाल फलक बांधला होता. गुरुजींनाही मान म्हणून पुढच्या बाकावर आणून बसवलं होतं. मी उभा राहून म्हणालो, "आज मी सर्वांसमोर एक डाव खेळणार आहे," आणि आजीचं बोट धरून आलेल्या दोउदोउला समोर बसवलं. लोक खूश झाले.

दहाव्या मिनिटाला माझ्या दगडांचा पहिला घोळका मेला. क्वांगदादा शेजाऱ्याला म्हणाला, "बघितलंस? लेकराला जिंकू देतायत. केवढं मन!" सगळीकडून "वा, वा" झालं. मला घाम फुटला. मी आणखी वाईट खेळायला लागलो. तेवढं सामर्थ्य माझ्यात मुबलक होतं.

"काका, इथे नका ठेवू," दोउदोउ मोठ्याने म्हणाली. "परवापण इथेच मेला होतात."

"वा, लेकरालाही शिकवतायत!" मागून कोणीतरी म्हणालं.

दोउदोउने डोकं वर केलं. तिला हे अपमानास्पद वाटलं असावं. दोन दातांच्या फटीतून ती किंचाळली, "हे मुद्दाम नाही हरत! मी खरंच जिंकते! हे वर्गात सगळ्यांकडूनच हरतात! रोज! यांना कोडी सुटत नाहीत म्हणून यांच्या आईला मॅडम ओरडतात!"

सगळ्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. आई काठी टेकून उठली. "खरं आहे," ती म्हणाली. "गृहपाठ करत नाही. आठ आठवडे माझं नाव खराब केलं."

मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा मंडप फुटला. क्वांगदादा तर पोट धरून खाली बसला. "अठरा वर्षं!" तो म्हणत होता. "अठरा वर्षं यांच्या श्वासावर आम्ही डाव बदलले!" निंगबाईंनी लाल फलकाची दोरी सोडायला घेतली. माझे कान तापले होते, पण छातीवरचा दगड उतरला. मी मनात म्हटलं, गुरुजी, तुमची जागा परत केली. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात क्वांगदादा हसणं थांबवून म्हणाला, "पण थांबा. मग गुरुजी यांच्याकडून हरले कसे?"

"अहो, त्यांनी मला जिंकू दिलं!" मी म्हणालो. "सांगा ना, गुरुजी!"

गुरुजी उठले. ते पायरीकडे वळले, आणि समोर ठेवलेलं स्टूल, जे कोणालाही दिसलं असतं, त्याला त्यांचा पाय अडकला. ते पडता पडता पटावर आले. हात टेकायला गेले तो वाटीत गेला आणि दगड सगळीकडे उधळले. दोउदोउ वाकून दगड गोळा करायला लागली. गुरुजीही वाकले आणि फरशी चाचपायला लागले. पांढरा दगड त्यांच्या बुटाशेजारी होता. त्यांचा हात त्याच्या अलीकडून, पलीकडून जात राहिला. क्वांगदादाने त्यांना दंडाला धरून घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संत्री घेऊन त्यांच्या दारात गेलो. गुरुजी एकटेच राहतात, लेक निंगबोला असते. त्यांनी दार उघडलं, माझ्या आवाजाची वाट पाहिली, आणि मी बोलल्यावर आत घेतलं. भिंतीवर घड्याळ होतं, ते बंद पडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक नसावं.

"गेल्या हिवाळ्यापासून," ते म्हणाले. "जिथे बघावं तिथे मधोमध धुकं. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार."

"मला वाटलं तुम्ही माझी अब्रू राखलीत."

"आणि मला वाटलं तू माझी राखलीस." ते संत्रं सोलत होते, नजर माझ्या कानाकडे. "मी दगडावर दगड ठेवला. तू बघितलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. म्हटलं, जाणता माणूस आहे, ओळखलं याने, पण बोलणार नाही. आता उठावं. झानकडून हरलो म्हटलं तर कोणी काही विचारणार नाही. मोठ्या खेळाडूकडून हरायला काय लाज?" त्यांनी सालीचा तुकडा चाचपत बशीत टाकला. "छान बेत होता. पहिल्या पटावरून नावही गेलं, कोणाला काही कळलंही नाही. अठरा वर्षं तू तोंड उघडलं नाहीस, झान. काल कशाला उघडलंस?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी माफी मागायला लागलो. त्यांनी संत्र्याची फोड माझ्या हातात दिली, म्हणजे हाताच्या जवळपास.

"जाऊ दे ते. एक सांग. तो माझा शेवटचा डाव. खालचा डावा कोपरा मला दिसतच नव्हता, अंदाजाने खेळत होतो. पण मनात जो पट होता त्यात मी बरा होतो. कोण जिंकत होतं?"

"तुम्ही, गुरुजी," मी ताबडतोब म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. ते पुढे सरकले. शाळेत उत्तराच्या जवळ आलेल्या पोराकडे बघत असतील तसे बघायला लागले. "म्हणजे कोपऱ्यातले दगड जगले होते? मी शेवटून तिसरी खेळी केली तिने दोन्ही घोळके जोडले गेले का?"

मी डोळे मिटून तो पट आठवायचा प्रयत्न केला. मला दार आठवलं. दाराची फट आठवली, तिच्यातून येणारा उजेड आठवला, बाहेरच्या कोणाचा तरी बूट आठवला. चहाच्या पेल्याला गेलेला टवका आठवला. गुरुजी हात गुडघ्यांवर ठेवून थांबले होते.

"मला माहीत नाही, गुरुजी," मी म्हणालो. "मी पटाकडे बघतच नव्हतो."